सेर्मेकने परत दिलेली पहार

मी एक जुनी पहार आहे, पण मित्रांनो, मला पाहून खड्डे आणि दगड आठवू नका. माझ्याने कोणी कधी खड्डा खणला नाही. माझे काम एकच होते. माणसाने पाऊल टाकण्याआधी पुढच्या बर्फावर पडायचे आणि तो भरवशाचा आहे की नाही ते सांगायचे. मी फार बोलत नाही. जे बोलते ते खरे बोलते, आणि म्हणूनच माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

माझा जन्म दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या कांगेक गावात झाला. आमच्या मुलखात झाड उगवत नाही. लाकूड हवे असेल तर समुद्राने आणून दिले पाहिजे. असाच एक ओंडका वाहत वाहत किनाऱ्याला लागला आणि उसाक्काक नावाच्या शिकाऱ्याने त्यातून माझा दांडा तासला. एक झिजलेली कानस तापवून, ठोकून त्याने माझे पाते केले आणि सीलच्या कातड्याच्या वादीने ते दांड्याला करकचून आवळले. मग मला हातात घेऊन तो समुद्राच्या बर्फावर गेला. पहिल्याच घावात मी आरपार गेले तर मागे फिरायचे, दोन घाव लागले तर जपून चालायचे, तिसऱ्यालाही बर्फाने दाद दिली नाही तर स्लेज, म्हणजे बर्फावरची गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांना खुशाल पळवायचे, असा आमचा नियम होता.

उसाक्काक माझे फार कौतुक करी. पाहुण्यांसमोर मला उचलून म्हणे, "घरात एवढी एकच आहे, जी खोटं बोलत नाही."

त्याची बायको सीलच्या मांसाचे भांडे तसेच खाली ठेवून म्हणे, "मग आज वाढायलाही तिलाच सांग."

उसाक्काक गेल्यावर मी त्याच्या मुलाकडे, तोबियासीकडे आले. तोबियासी डावखुरा होता. त्याच्या सगळ्या गाठी उलट्या बसत आणि गावात कोणालाच त्या धड सोडवता येत नसत. पोरे त्याला चिडवत, "काका, तुमची गाठ सोडवायला सुरीच लागते!" तोही हसे. समुद्रावर तो मला क्षणभरही हातातून सोडत नसे. परसाकडे जायचे असले तरी आधी मी आणि मग तो.

पण एका जागी आम्हा दोघांची ताटातूट होई. ती जागा म्हणजे सेर्मेक.

सेर्मेक म्हणजे आमची हिमनदी. आतल्या उंच पठारावरून ती समुद्राकडे उतरते, पण गावात तिला नदी कोणी म्हणत नाही, एखाद्या म्हाताऱ्या आजोबांबद्दल बोलावे तसे 'तो सेर्मेक' म्हणतात. त्याच्या तोंडाशी बर्फाची लांबलचक जीभ समुद्रावर तरंगत असे, दोन्ही बाजूंना उभ्या कड्यांना टेकलेली. जिभेच्या मागे, जमिनीवर बसलेल्या बर्फावरून पलीकडच्या गावाची वाट जाई. सेर्मेकला तडे होते, नाही असे नाही, पण ते कुठे आहेत हे पणजोबांच्या काळापासून माहीत होते आणि वाट त्यांच्या मधून काढलेली होती. म्हणून सेर्मेकवर चढताना प्रत्येक जण आपली पहार स्लेजला बांधून टाकी. जमिनीच्या बर्फाला पहार लावणे म्हणजे आजोबांना बोट टोचून "जिवंत आहात ना?" असे विचारण्यासारखे होते. तसे कोणी करीत नसे.

एका उन्हाळ्यात ती जीभ मोडली. आधी दिवसेंदिवस कडकड ऐकू येत होती. मग एका सकाळी सगळी जीभ तुकडे तुकडे होऊन खाडीतून बाहेर निघाली. गावातली माणसे दारात उभी राहून पाहत होती. भीती वाटली, पण फार नाही.

"पाण्यावरच होती, पाण्यात गेली," तोबियासी म्हणाला. "आपलं काय गेलं?"

हे दिसायला खरेच होते. तरंगता बर्फ आधीच पाण्यात आपली जागा अडवून बसलेला असतो. तो फुटला, वितळला, तरी समुद्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. किनाऱ्यावरच्या एकाही दगडाला त्या वर्षी जास्त पाणी लागले नाही. म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले.

पुढच्या वसंतात बोडिल नावाची एक डॅनिश मुलगी आली. सेर्मेकवर काठ्या रोवून तो किती सरकतो ते ती मोजत होती आणि मुक्कामाला तोबियासीच्या घरी होती. एकदा कॉफी पिताना ती म्हणाली, "ती जीभ नुसती पडून नव्हती, तोबियासी. दोन्ही कड्यांना घासून, तळातल्या खडकावर टेकून ती मागच्या बर्फाला अडवत होती. टेकू होता तो. आता मागचा बर्फ पळेल."

"पळेल? सेर्मेक?" तोबियासीच्या मिशीला कॉफी लागली. "अगं पोरी, माझी सासू त्याच्यापेक्षा जोरात चालायची. आणि ती तर अंथरुणाला खिळलेली होती!"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस," त्याची बायको आमालिया म्हणाली. ती शिवणकाम करीत बसली होती. "दुकानात कोळशाच्या गोण्या रचतात, त्यांना पुढून फळी लावलेली असते ना? ती काढून बघ एकदा. वरची गोण थेट तुझ्या पायावर येते की नाही?"

"तसंच," बोडिल म्हणाली. "आणि पळताना बर्फ ताणला जातो. नवे तडे पडतात. वरून बर्फ भुरभुरला की ते दिसतही नाहीत."

"कुठे पडतील ते सांग की मग."

"ते मला नाही सांगता यायचं. पण वर जाताना पहार हातात ठेवा. एवढं ऐका माझं."

तोबियासी मोठ्याने हसला. मी दाराजवळ उभी होते. मला हसू आले नाही. परवाच सेर्मेकवरून येताना स्लेजच्या लाकडातून मला एक कंप जाणवला होता, जो पूर्वी कधी जाणवला नव्हता. पण बांधलेली पहार कोणाला काय सांगणार?

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आमालिया वारली. त्यानंतर घरात तिचे नाव कोणी घेतले नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत उच्चारत नाहीत. तोवर ते नाव गारठलेल्या पाहुण्यासारखे दाराबाहेर थांबलेले असते. आणि ज्या बाळाला ते मिळते, ते बाळच ते गेलेले माणूस बनते. घरातले लोक त्याला त्याच नात्याने हाक मारतात.

तोबियासीची मुलगी तुकुम्मेक पलीकडच्या गावात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आईचे नाव बाळाच्या कानात बाबांनीच सांगायचे, असे बापलेकींचे ठरले होते. आमालियाने जाण्याआधी सीलच्या कातड्याचे चिमुकले बूट शिवून ठेवले होते. वसंतात रेडिओवर निरोप आला की आता कधीही बाळ होईल. तोबियासीने ते बूट मेणकापडात गुंडाळले आणि मला घेऊन तो समुद्राच्या बर्फावर गेला.

मी पहिल्याच घावात आरपार गेले. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी तेच. त्या वर्षी समुद्राचा बर्फ पार कुजलेला होता. तोबियासीने माझे ऐकले. नेहमी ऐके तसेच ऐकले आणि मागे फिरला. राहिली ती सेर्मेकची वाट. वर चढण्याआधी त्याने मला आणि बुटांचे गाठोडे एकत्र स्लेजला बांधले, आपल्या त्या उलट्या गाठीने.

मित्रांनो, इथून पुढचे सांगताना माझ्या पात्याला आजही गारठा चढतो.

वर सगळे पांढरे, सपाट, ओळखीचे होते. कुत्री छान पळत होती. मध्यावर आल्यावर म्होरकी कुत्री एकदम थांबली आणि पोट टेकून बसली.

"काय झालं गं?" तोबियासी ओरडला. "आज वाट विसरलीस? ऊठ, माझं नातवंड खोळंबलंय!"

ती उठेना. तोबियासी खाली उतरला. त्याचा हात माझ्या गाठीवर आला. हातमोजे कडक झाले होते, वारा वाढत होता, गाठ सुटायला वेळ लागला असता. त्याने समोर पाहिले. पणजोबांची वाट होती ती. त्याने हात काढून घेतला, स्लेजवर चढला आणि चाबूक हवेत फटकावला.

कुत्री हलकी होती, ती पलीकडे गेली. स्लेज मात्र जागच्या जागी खाली गेली.

थोडे खाली जाऊन आम्ही दोन भिंतींच्या मध्ये अडकलो. वर कुत्री नखे रोवून केकाटत होती. आमचे ओझे त्यांना मागे ओढत होते आणि एकेक करून ती कडेला घसरत होती. आमच्याकडे सगळ्या कुत्र्यांचे पट्टे एकाच जाड वादीला येऊन मिळतात. तोबियासी एका हाताने स्लेजच्या मुठीला लोंबकळत होता. दुसऱ्या हाताने त्याने सुरी काढली.

"जा रे बाबांनो," तो म्हणाला. "घरी जा."

आणि त्याने वादी कापली.

नंतर काय झाले ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. इतकेच सांगते की तळाशी पोचल्यावर तो थोडा वेळ होता आणि त्या वेळात त्याने ते नाव मोठ्याने घेतले, जे अजून कोणी घ्यायचे नव्हते. दोन्ही भिंतींनी ते ऐकले.

वरून बर्फ पडत राहिला. तडा मिटला. मी, बुटांचे गाठोडे आणि स्लेजचा मोडका तुकडा सेर्मेकच्या पोटात राहिलो. पुढे आमच्यामध्ये दुसरा तडा गेला आणि तोबियासी माझ्यापासून दूर झाला. तिथे उजेड नव्हता, पण आवाज होता. मला वाटत होते, आता मी इथेच राहणार. आमच्याकडे म्हण आहे: सेर्मेक घेतो ते नातवंडांच्या नातवंडांना देतो. इतका तो सावकाश चालतो म्हणून ही म्हण.

पण तो सावकाश चालत नव्हता. मी त्याच्या आत होते, मला कोण फसवणार? सारखा ताण, मग तडा, मग पुन्हा पुढे. समोर धरून ठेवणारे काही उरले नव्हते आणि मागून सगळे पठार रेटत होते. टोकाचा बर्फ तुटून पडे, तसा त्याच्यामागचाही मोकळा होई आणि धावू लागे. उतारावर पाय सुटलेले माणूस जसे आपल्याच वजनाने पळत सुटते, तसा तो म्हातारा पळत होता. आणि त्याच्या पोटात आम्ही.

बाहेर काय चालले होते ते मला नंतर भिंतीवर टांगल्यावर ऐकून कळले.

कुत्री कांगेकला परतली होती. त्यांच्या मागे सुरीने कापलेली वादी लोंबत होती. शोधायला माणसे गेली, पण वादळाने खुणा पुसून टाकल्या होत्या. मग ती कापलेली वादी पाहून लोक कुजबुजू लागले. आमच्याकडे दुःखाने किंवा लाजेने एखादा माणूस घरदार सोडून डोंगरात निघून जातो, असे मानतात. तो मरत नाही. जिवंतपणीच भूत होऊन भटकत राहतो. त्याला किविट्टोक म्हणतात.

"वादी कापून कुत्री परत पाठवली," दुकानात एक म्हातारी तुकुम्मेकला म्हणाली. "बायकोचं नाव दुसऱ्या कुणाला दिलेलं सोसवलं नसतं त्याला. गेला निघून."

"माझे बाबा कॉफी प्यायल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसत," तुकुम्मेक म्हणाली. "ते कसले भूत होऊन भटकतात?"

असे ती तोंडावर म्हणाली, पण घरी येऊन रडली. कारण तिलाही ठाऊक नव्हते. बाबा आपल्याकडे येत होते, की आपल्याला सोडून जात होते?

मुलगी झाली होती. तिच्या कानात आईचे नाव तुकुम्मेकनेच सांगितले. काही वर्षांनी मुलगा झाला. तो रात्रंदिवस रडे, दूध टाकी, वाळत चालला. म्हाताऱ्या म्हणाल्या, "त्याला नाव हवंय. तुझ्या बापाचं दे, गप्प होईल."

"आणि बाबा जिवंत भटकत असतील तर?" तुकुम्मेक म्हणाली. "जिवंत माणसाचं नाव काढून घेऊ? मग त्यांच्याकडे काय उरेल?"

ती ऐकेना. मूल रडतच राहिले.

आमच्याकडे चहासाठी हिमनदीचा बर्फ आणतात, कारण त्याचे पाणी खारे नसते, गोडे असते. त्या उन्हाळ्यात तुकुम्मेकचा नवरा इलानगुआक होडी घेऊन बर्फ आणायला गेला. एका निळ्या तुकड्यातून लाकडाचे टोक बाहेर आलेले त्याला दिसले. ते माझे टोक होते. त्याने तो तुकडा दोराने ओढत किनाऱ्यावर आणला, कुऱ्हाडीने जपून फोडला आणि मी पुन्हा ऊन पाहिले.

तुकुम्मेक धावत आली. तिने माझ्या पात्याकडे पाहिलेच नाही. तिने गाठ पाहिली.

"ही सोडलेलीच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काय?" इलानगुआकने विचारले.

"अरे, पायी जाणारा माणूस पहार सोडून हातात घेतो. बाबा तर हिच्याशिवाय परसाकडेही जात नसत. ही बांधलेलीच आहे. बाबा निघून गेले नाहीत रे. ते स्लेजवर होते. कुत्री वाचावीत म्हणून वादी कापली त्यांनी." तिने गाठीवरून बोट फिरवले. "ते माझ्याकडेच येत होते."

इलानगुआकने गाठ सुरीने कापली. मेणकापडातून ते चिमुकले बूट निघाले, जसेच्या तसे. मुलगी, म्हणजे छोटी आमालिया, शेजारी उभी होती.

"कुणाचे हे?" तिने विचारले.

"तुझेच," तुकुम्मेक डोळे पुसत म्हणाली. "तूच शिवलेस, आई."

मुलीने बूट पायाला लावून पाहिला. अंगठासुद्धा जाईना. "मग मी एवढे छोटे का शिवले?"

किनाऱ्यावरची सगळी माणसे हसली आणि हसताहसता रडली. तुकुम्मेक घरात गेली, रडणाऱ्या बाळाला उचलले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तोबियासी." मग म्हणाली, "आलात ना, बाबा? किती उशीर केलात." बाळाने एकदा तिच्याकडे पाहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर दूध प्याले. बूट त्याला अगदी बरोबर बसले.

शेजारीपाजारी जमले. इलानगुआकने आणलेल्या बर्फाचे तुकडे किटलीत टाकून कोणीतरी ती चुलीवर ठेवली. एक म्हातारा आनंदाने म्हणाला, "नशीबवान आहेस, पोरी. सेर्मेक घेतो ते नातवंडांच्या नातवंडांना देतो. तुला तर तुझ्या हयातीतच दिलं!"

तुकुम्मेक हसता हसता थांबली. तिने किटलीकडे पाहिले. मग उठून ती चुलीवरून उतरवली आणि बाहेर नेऊन सगळे पाणी किनाऱ्यावर ओतून आली. तो बर्फ कुठून आला होता आणि त्यात अजून कोण होते, हे तिला उमगले होते. त्या दिवशी कोणीच चहा प्याले नाही.

"मागचा बर्फ पळेल, असं बोडिल आई-बाबांना सांगून गेली होती," ती हळूच म्हणाली. "बाबा चालत आले नाहीत. सेर्मेक पळत आला."

खिडकीतून सेर्मेक दिसत होता. ज्या जागी वाट होती तिथे आता फुटलेला बर्फ आणि त्याच्यापुढे काळे पाणी होते. दोन गावांमधली वाट कायमची गेली होती.

मित्रांनो, मी आता तुकुम्मेकच्या भिंतीवर असते. तुम्ही फार लांब राहता, तुमचा समुद्र उबदार आहे, तुमच्या वाळूत मुले किल्ले करतात. पण समुद्र एकच आहे. ती जीभ गेली तेव्हा तो वाढला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. मात्र तिच्यामागचा बर्फ जमिनीवरचा होता. तो समुद्रात उतरतो ते पाणी नवे असते, आणि ते तुमच्या वाळूपर्यंतही येते. टेकूला कधी बिनकामाचा म्हणू नका. जग तापले की पहिल्यांदा टेकू जातो आणि मग बाकीचे थांबत नाही. जे जपायचे ते मोडण्याआधी जपावे लागते.

तोबियासी अजून सेर्मेकमध्येच आहे. आज ना उद्या तोही पाण्याशी येईल. तुकुम्मेक रोज सकाळी सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर जाते, आलेले निळे तुकडे एकेक करून निरखते आणि मगच गावातल्या होड्यांना बर्फ आणायला जाऊ देते. परत आल्यावर ती माझ्या दांड्याला हात लावून उभी राहते. परवा छोट्या आमालियाने तिला विचारले, "आजोबा लवकर यावेत असं तुला वाटतं ना?"

"नाही गं, आई," तुकुम्मेक म्हणाली. "येऊ देत. पण सावकाश येऊ देत. तुझी नातवंडं म्हातारी होऊ देत, मग येऊ देत."

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तिच्या बापाला सावकाश येऊ द्या.